एका चहाची मुदत : निसीम इझिकेल व अरुण कोलटकर यांच्या कवितांतील इराणी हॉटेल

मुंबई-पुण्याचे इराणी हॉटेल हा गेल्या दोन-अडीच दशकांत स्मरणरंजनपर लेखनाचा हुकमी विषय झाला आहे. संगमरवरी पृष्ठभागाची टेबले, वाकवलेल्या लाकडाच्या काळ्या खुर्च्या, भिंतीवरचे आरसे, काचेच्या बरण्यांतील खारी-बिस्किटे, ब्रून-मस्का, मावा केक आणि गल्ल्यावर बसलेला वृद्ध शेठ हा त्यातील ठरलेला ऐवज. कोपऱ्यावरची जागा हिंदू व्यापारी अशुभ मानीत, म्हणून ती इराण्यांना मिळाली, ही हकीकतही ठरलेलीच. तिला पुरावा देण्याचे कष्ट मात्र सहसा कोणी घेत नाही. या लेखनातून उभे राहणारे इराणी हॉटेल प्रेमळ आहे, सर्वांना सामावून घेणारे आहे आणि तेथे वेळेचे बंधन नाही. याच जागेविषयी मुंबईच्या दोन कवींनी लिहिलेल्या दोन इंग्रजी कविता मात्र निराळी साक्ष देतात. निसीम इझिकेल (१९२४–२००४) यांची ‘इराणी रेस्टॉरंट इन्स्ट्रक्शन्स’ आणि अरुण कोलटकर यांची ‘इराणी रेस्टॉरंट बॉम्बे’ या त्या कविता होत. एका चहाच्या किमतीत माणसाने किती वेळ बसावे, आणि मुळात कोणी बसावे, हा प्रश्न दोन्ही कवितांच्या मुळाशी आहे. स्मरणरंजनाने नेमका तोच पुसून टाकला आहे.

या हॉटेलांचा इतिहास थोडक्यात नोंदवणे आवश्यक आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात व विसाव्या शतकाच्या आरंभी इराणमधील यझ्द व केरमान या प्रदेशांतून जरथुष्ट्री कुटुंबे मुंबईस आली. कित्येक शतके आधी गुजरातच्या किनाऱ्यावर उतरलेल्या पारशांहून त्यांना वेगळे ओळखण्यासाठी ‘इराणी’ हे नाव रूढ झाले. यझ्दकडून आलेले काही शिया मुसलमानही याच व्यवसायात होते. धोबीतलावचे कयानी १९०४ चे, ग्रँट रोडचे बी. मेरवान १९१४ चे, बॅलार्ड इस्टेटमधील ब्रिटानिया १९२३ चे. पुण्याचे गुडलक १९३५ चे आणि श्रुसबरी बिस्किटांसाठी प्रसिद्ध असलेली लष्करातील कयानी बेकरी १९५५ ची. गिरणी कामगार, कारकून, विद्यार्थी, टॅक्सीचालक अशा संमिश्र गिऱ्हाइकांवर हा धंदा चालला.

वऱ्हाडातील महाविद्यालयीन वर्गात या कविता शिकवताना पहिली अडचण येते ती या संस्थेच्या अपरिचयाची. धुळे–नागपूर महामार्गावरील बाळापूरसारख्या गावात ‘हॉटेल’ या शब्दाने आलुबोंडा, कचोरी आणि कट चहा डोळ्यांपुढे येतो; ‘इराणी’ म्हटले की चष्मे किंवा चाकू-सुऱ्या विकणारे फिरस्ते. बाळापूरला बसायला जागांची वाण नाही. मन नदीच्या काठी मिर्झाराजे जयसिंगांची छत्री आहे, बाळादेवीचे देऊळ आहे, ओटे आणि पार आहेत. पण तेथे बसण्याचे पैसे पडत नाहीत, आणि तेथे कोण कोणाशेजारी बसतो हे गावाला आधीच ठाऊक असते. अनोळखी माणसाने पैसे देऊन काही काळापुरती जागा घ्यावी व त्याची ओळख कोणी विचारू नये, ही शहरी सोय या ओट्यांवर नाही. संदर्भाचा हा दुवा दिल्याशिवाय इझिकेल यांची कविता वर्गात केवळ विनोदी ठरते.

तशी ती ठरावी याला कवितेचे रूपही काही अंशी कारणीभूत आहे. धोबीतलावच्या बास्तानी अँड कंपनीतील सूचनाफलक हे या कवितेचे उगमस्थान मानले जाते. हे हॉटेल आता बंद झाले आहे. कवितेत वर्णन नाही, निवेदक नाही, उपमा नाही. आहे ती केवळ सूचनांची यादी. थुंकण्यास मनाई, जास्त वेळ बसण्यास मनाई, काही न मागवता पत्र लिहीत बसण्यास मनाई, केस विंचरण्यास मनाई, आणि केबिनमधील चाळ्यांवर वेटरची नजर असल्याचा इशारा. भाषा अर्थात फलकावरची, व्याकरणाची फिकीर न करणारी इंग्रजी. भारतीय बोलीतील इंग्रजीत इझिकेल यांनी इतरही कविता लिहिल्या. त्यांत ते बोलणाऱ्याची टिंगल करतात की त्याच्या बाजूने उभे राहतात, हा वाद जुना आहे. प्रस्तुत कवितेपुरते पाहिले तर टिंगलीचा आरोप टिकत नाही. फलक लिहिणाऱ्याला काय हवे ते नेमके ठाऊक आहे आणि त्याने ते सांगितलेही आहे. वाक्यरचना चुकली तरी आज्ञा चुकलेली नाही. ज्या वर्गातील बहुतेकांची इंग्रजी याच जातीची आहे, त्या वर्गाने या फलकाला हसणे म्हणजे स्वतःलाच हसणे होय. शिक्षकाने ते हसू थोपवू नये. ते कोठून आले, एवढे मात्र विचारावे.

मनाईंच्या या गर्दीत एक ओळ निराळी आहे. कोणत्याही जातीच्या माणसाचे स्वागत असल्याचे ती सांगते. समीक्षकही बहुधा विनोदाच्या ओघात तिच्यावरून पुढे सरकतात. वऱ्हाडात ती अशी ओलांडता येत नाही. चहाच्या दुकानात दलितांसाठी वेगळी कपबशी ठेवण्याची, ती त्यांनीच धुऊन ठेवण्याची प्रथा महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात किती खोल होती, याची साक्ष दलित आत्मकथनांनी दिली आहे. संविधानाच्या १५ व्या अनुच्छेदाने उपाहारगृहांतील प्रवेशाबाबतचा भेदभाव निषिद्ध ठरवला. १९५५ च्या अस्पृश्यता (अपराध) अधिनियमाने तो दंडनीय केला आणि १९७६ मध्ये त्या कायद्याला नागरी हक्क संरक्षण अधिनियम हे नाव मिळाले. कायदा असूनही ज्या देशात हॉटेलवाल्याला सर्व जातींचे स्वागत असल्याचे भिंतीवर लिहावे लागते, त्या देशाविषयी ती ओळ बोलते. इराणी मालक हिंदू जातिव्यवस्थेच्या बाहेरचा होता, त्याला विटाळाचे सोयरसुतक नव्हते, हे खरे. पण त्याच्या औदार्याचे फार गोडवे गाण्याचेही कारण नाही. कवितेने स्वागताची ही ओळ पैसे चुकते करण्याच्या आणि फार न बसण्याच्या सूचनांच्याच रांगेत ठेवली आहे. जात विचारली जाणार नाही, नाणे मात्र विचारले जाईल, हा तो करार. ज्याला गावच्या हॉटेलात बाहेर उभे राहून चहा प्यावा लागला, त्याला हा करार थंड वाटण्याऐवजी मुक्तीसारखा वाटला असेल, तर त्यात नवल नाही.

इझिकेल यांची कविता भिंतीवरच्या फलकातून, म्हणजे मालकाच्या बाजूने बोलते. कोलटकरांची कविता टेबलाच्या बाजूने पाहते. फलकाने ज्याला ‘जास्त बसू नका’ असे बजावले तोच रिकामटेकडा येथे नायक आहे आणि तो बसूनच आहे. ही कोलटकरांची आरंभीच्या काळातील, साठच्या दशकातील कविता. ती अरविंद कृष्ण मेहरोत्रा यांनी संपादित केलेल्या ‘द बोटराइड अँड अदर पोएम्स’ (२००९) या संग्रहात सहज उपलब्ध आहे. भिंतीवर इराणच्या शहाचे चित्र आहे. १९४१ पासून गादीवर असलेला हा शहा १९७९ च्या क्रांतीने पदच्युत झाला. कवितेतला मात्र तिरळ्या डोळ्याने, तडा गेलेल्या काचेच्या कपाटात सावकाश कुजणाऱ्या केककडे पाहत आहे. मावा केकच्या आठवणींनी ओथंबलेल्या लेखांशेजारी हा केक ठेवून पाहावा. बेकरीच्या काचेआडची वस्तू ताजी असते, हा विश्वास ज्यावर धंदा उभा आहे, तोच कोलटकरांनी पहिल्या दोन ओळींत काढून घेतला आहे.

पुढे काहीही घडत नाही आणि तरीही कविता सरकत राहते. माशी रिकामटेकड्याच्या मनगटावर तळ ठोकते. भिंतीवरील निसर्गचित्रातले नीटनेटके तळे, हंस आणि टुमदार घर पाण्याच्या ग्लासातून पाहिले की डळमळते. टेबलावर उमटलेले चहाचे चिकट वर्तुळ एखाद्या ग्रंथातील वचनासारखे वाचले जाते. खुर्चीखालच्या मांजराला स्वप्न पाहणे ही प्रशासकीय बाब वाटते. हा शब्द सहज आलेला नाही. इझिकेल यांच्या फलकावर प्रशासन उघड आहे. कोलटकरांच्या हॉटेलात ते मांजराच्या झोपेपर्यंत पोचले आहे. रिकामटेकडा जळकी काडी चहाच्या वर्तुळात ठेवतो तेव्हा त्याच्या हालचालीत पंतोजीचा काटेकोरपणा असतो, असे कवी म्हणतो. अध्यापक वाचकाने हा टोला निमूटपणे घ्यावा. पुढच्याच क्षणी ती काडी शवागारातील प्रेतासारखी उठते आणि हास्य आटते. या साऱ्या घसरणीला कवीने चार-चार ओळींच्या यमकबद्ध कडव्यांची चौकट दिली आहे. चिकट टेबल आणि घट्ट यमक यांच्या ताणात कवितेचे बळ आहे. अखेरीस टेबले, खुर्च्या, आरसे मिळून झालेली रात्र उसवते ती गल्ल्यापाशी. फलकाने सुरुवातीपासून जे बजावले, ते येथे प्रतिमा होऊन येते. किती वेळ बसलात तरी उठताना गल्ल्यावरूनच जावे लागते.

पुढे कोलटकर काळा घोडा भागातील वेसाइड इनमध्ये वर्षानुवर्षे ठरलेल्या वारी मित्रांसह बसत, आणि ते बंद झाल्यावर फोर्टातील कॅफे मिलिटरीत. ‘काळा घोडा पोएम्स’ (२००४) हे बव्हंशी त्या खिडकीतून केलेले निरीक्षण आहे. म्हणजे ‘जास्त बसणे’ हीच या कवीची कार्यपद्धती होती. रिकामटेकड्याकडे तो तुच्छतेने पाहत नाही, यामागे हेही असावे.

दोन्ही कवितांत एक जागा मात्र रिकामी आहे. पडद्याआडची ‘फॅमिली रूम’ वा केबिन ही अनेक इराणी हॉटेलांची सोय होती. बाईला शहरात चहा पिण्यासाठी बसता येईल अशी ती मोजक्या जागांपैकी एक. इझिकेल यांच्या फलकात केबिन येते ती संशयाची जागा म्हणून. कोलटकरांचा रिकामटेकडा तर पुरुषच आहे. रिकामटेकडी बाई त्या टेबलाशी कल्पिताच येत नाही. बाळापूरच्या वर्गात निम्म्या बाकांवर मुली असतात, आणि बसस्थानकासमोरच्या टपरीवर त्या सहसा बसत नाहीत. त्यांच्यापुढे ही कविता ठेवली की ‘जास्त बसू नका’ या सूचनेआधीची, कोठेही न लिहिलेली सूचना त्यांना आधी वाचता येते.

लंडनमध्ये २०१० साली निघालेल्या ‘डिशूम’पासून मुंबईच्या इराणी हॉटेलांची प्रतिकृती ही एक उपाहारगृहशैलीच झाली आहे. आरसे, खुर्च्या, जुनी छायाचित्रे यांच्या जोडीने सूचनांचे फलकही अशा ठिकाणी सजावटीत सामील होतात. मनाई गंमत म्हणून टांगता येते, कारण ती ज्याच्यासाठी लिहिली होती तो एका चहावर दुपार काढणारा गिऱ्हाईक तेथे येतच नाही. त्याला अडवण्याचे काम आता दरपत्रक करते.