‘देवमाणूस’ आणि प्रेक्षकांचे न्यायासन

नागपूरहून छिंदवाड्याच्या वाटेवर सौंसर लागते. तेथून पांढुर्णा फार दूर नाही. १९५६ च्या प्रांतरचनेत विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि हा मराठी मुलूख मध्य प्रदेशात राहिला. २०२३ साली या दोन तहसिलींचा पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला. कचेरीची भाषा हिंदी, पण रात्रीची जेवणे आटोपल्यावर घराघरांतून लागणारी मालिका पुष्कळदा मराठीच असते. सौंसरच्या अशाच एका घरी ‘देवमाणूस’वरून जुंपलेला वाद आम्ही ऐकला, आणि टीकाकारांच्या लेखांतून क्वचित मिळते ते त्यात आम्हांला मिळाले.

मालिकेचे सूत्र सर्वांना ठाऊक आहे. गावाने देव मानलेला एक तोतया डॉक्टर स्त्रियांना जाळ्यात ओढतो व त्यांचे खून करतो. पहिले पर्व २०२० साली सुरू झाले. त्याची प्रेरणा २०१६ साली सातारा जिल्ह्यातील वाई परिसरात उघडकीस आलेल्या हत्याकांडाची.

“एवढ्या बाया नाहीशा झाल्या, अन् गावाले पत्ता नाही? हे काही पटत नाही, गुरुजी,” घरच्या वहिनी म्हणाल्या.

“पटत नाही म्हणूनच तर तो वाचते, वहिनी,” निवृत्त शिक्षकांनी उत्तर दिले.

गुरुजींच्या या एका वाक्यात मोठी समीक्षा आहे. प्रेक्षक ज्याला कथेचे भोक म्हणतात, ते येथे जगाचेच भोक आहे. वाईच्या प्रकरणात पहिला खून आणि अटक यांच्यामध्ये तब्बल तेरा वर्षे गेल्याचे तपासात पुढे आले. आमच्या गोमंतकीय वाचकांना २००९ साल आठवत असेल. लग्नाचे आमिष दाखवून नेलेल्या किती मुलींची हाक तोवर कोणी ऐकली नव्हती! बाई परतली नाही, तर ‘गेली असेल कुणाबरोबर’ असे म्हणून समाज दार लावून घेतो. या दारामागेच खुनी सुरक्षित असतो. मालिकेने हे दाखविले, हा तिचा गुण होय.

मात्र दुसरे एक भोक आहे, आणि ते लेखकाचे आहे. नायक पकडला जाण्याच्या बेतात आला, की नेमका योगायोग त्याच्या मदतीस धावतो. ब्रिटिश लेखक रोनाल्ड नॉक्स यांनी १९२९ साली रहस्यकथेचे दहा नियम छापले; त्यांत गुप्तहेराला योगायोगाचा आधार घेण्याची मनाई आहे. जी सवलत गुप्तहेराला नाही ती खुन्याला का असावी? येथे योगायोग घडतो तो कथेच्या गरजेपोटी नव्हे, तर उद्याचा भाग हवा म्हणून. १५ ऑगस्ट २०२१ रोजी पहिले पर्व संपले, पण गुन्हेगाराला शिक्षा झालेली पाहण्याचे समाधान प्रेक्षकांना मिळाले नाही. डिसेंबरात दुसरे पर्व हजर झाले. २०२५ साली आलेल्या तिसऱ्या पर्वाचे तर नावच ‘मधला अध्याय’! ज्याच्या पुढची कथा आधीच पाहून झाली, तो या अध्यायात मरणार नाही हे प्रेक्षकाला पहिल्याच रात्री कळते. मग उत्कंठा उरते ती एवढीच, की आता पाळी कोणाची?

आणि येथेच रचनेचा दोष नीतीचा दोष होतो. खुनी चिरंजीव, बळी क्षणजीवी, असे एकदा ठरले की बळी पडणारी स्त्री माणूस राहत नाही. ती केवळ एका आठवड्याची सामग्री होते. किरण गायकवाड यांच्या अभिनयाची सफाई आम्ही मान्य करतो, परंतु सारे लेखन त्या एका चेहऱ्याभोवती फिरते. मेलेल्या बाईच्या घरी दुसऱ्या दिवशी चूल पेटली की नाही, हे कोणी पाहत नाही.

त्या वादात एक तरुण हसून म्हणाला, “गोटमारीत रक्त निघते, ते पाहाले आपण जातोच ना? मग टीव्हीवरच काहून वाईट वाटते?” सारे क्षणभर गप्प झाले. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात पळसाचे झाड रोवून पांढुर्णा व सावरगाव एकमेकांवर दगड फेकतात. त्यात माणसे जखमी झाली आहेत, दगावलीही आहेत. त्या प्रथेचे समर्थन आम्ही करीत नाही. पण तिच्यामागची दंतकथा पाहा: पळून जाणारे एक प्रेमी युगुल भर पात्रात दोन्ही तीरांच्या दगडांखाली सापडले. मारणाऱ्यांची नावे त्या कथेत नाहीत. लोक हळहळतात ते मेलेल्या दोघांसाठी. दंतकथेला जे साधले ते मालिकेला साधू नये?

गुन्हेगाराला शेवटी फाशी झालीच पाहिजे, असा बाळबोध हट्ट आमचा नाही. जगात तो सुटतो, तर कथेतही सुटेल. पण तो सुटल्याची किंमत कोणी दिली, हे कथेने दाखविले पाहिजे. उठता उठता वहिनींनी विचारले, “त्या पहिल्या बाईचं नाव काय होतं, गुरुजी?” गुरुजींना आठवले नाही. आम्हांलाही आठवले नाही. आमच्या मते मालिकेतील सर्वांत मोठे भोक हेच होय.