लाकूड, दगड आणि ख्रिस्त : ‘थॉमसच्या शुभवर्तमाना’तील एक वचन

संत थॉमसच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या शुभवर्तमानाविषयी चंद्रपूर-गडचिरोलीच्या श्रद्धावंतांना कुतूहल वाटावे, हे स्वाभाविक आहे. 1962 साली येथील मिशनकार्य सिरो-मलबार ख्रिस्तसभेकडे आले, आणि ही ख्रिस्तसभा आपला उगम याच प्रेषितापाशी मानते. त्यातच या ग्रंथातील 77 वे वचन जणू अरण्यवासी माणसासाठीच उच्चारलेले वाटते. लाकूड फोडले जाते तेथे आणि दगड उचलला जातो तेथे आपली भेट होईल, असे येशू त्यात सांगतो. मग गोंड-माडिया बांधवांना ‘तुम्ही वृक्षात आणि शिळेत ज्याला पाहता तो हाच’, असे या वचनाच्या आधारे सांगावे काय? प्रश्न मोहक आहे. म्हणूनच उत्तर सावधपणे दिले पाहिजे.

प्रथम ग्रंथाचा इतिहास पाहू. 1945 साली इजिप्तमधील नाग हम्मादी येथे सापडलेल्या कॉप्टिक हस्तलिखितांत हा ग्रंथ संपूर्ण मिळाला. हे हस्तलिखित चौथ्या शतकातले असून त्यात येशूची 114 वचने आहेत. 1999 सालच्या ‘स्टिगमाटा’ या इंग्रजी चित्रपटाने ख्रिस्तसभेने हे वचन दडपल्याचा समज पसरविला. वस्तुतः हे पुस्तक इजिप्तच्या मातीने लपविले होते, आणि 1959 पासून ते अनुवादासह सर्वांना उपलब्ध आहे. ओरिजेनसारख्या प्राचीन धर्मपंडितांनी या नावाच्या शुभवर्तमानाचा उल्लेख केला, पण ते प्रमाण मानले नाही. बहुतेक अभ्यासक त्याची रचना दुसऱ्या शतकात मानतात. तेव्हा प्रेषित थॉमस हा त्याचा लेखक ठरत नाही.

आता वचनाकडे वळू. कॉप्टिक पाठात त्याच्या आधी येशू ‘मी सर्वांवरील प्रकाश, मीच सर्व’ अशा आशयाचे बोलतो. त्यामुळे लाकूड-दगडाचे वाक्य सर्वव्यापी ईश्वराविषयीचे वाटते. परंतु इजिप्तमध्येच ऑक्सिरिंकस येथे याच ग्रंथाचे ग्रीक तुकडे मिळाले. त्यांतला पहिला 1897 साली प्रसिद्ध झाला. तो सुमारे इ.स. 200 चा, म्हणजे कॉप्टिक प्रतीहून जुना आहे. त्यात हे वाक्य 77 व्या नव्हे, तर 30 व्या वचनाला जोडलेले आहे. त्या ओळी काहीशा फाटलेल्या असल्या तरी आशय लागतो : जो एकटा आहे, त्याच्यासोबत मी आहे. क्रमही उलटा आहे. आधी दगड, मग लाकूड. उपदेशक ग्रंथाच्या दहाव्या अध्यायात दगड काढणाऱ्याला आणि लाकूड फोडणाऱ्याला असलेल्या धोक्याचा इशारा आहे, तो नेमका याच क्रमाने. म्हणून काही अभ्यासकांना येथे त्या इशाऱ्याचे उत्तर ऐकू येते. ते मला पटते. ख्रिस्त लाकडात किंवा दगडात वसतो असे हे वाक्य सांगत नाही. एकट्याने धोक्याचे कष्ट करणाऱ्याच्या शेजारी तो उभा आहे, असे ते सांगते.

असे असले तरी ग्रंथाची मर्यादा लपत नाही. आरंभीच तो सांगतो की, या वचनांचा अर्थ ज्याला उमगेल त्याला मरण चाखावे लागणार नाही. तारण म्हणजे कोडे सोडविणे! क्रूस हा शब्द एका वचनात येतो. पण कालवरीची कथा नाही, रिकामी कबर नाही. ज्या मजुराला ख्रिस्ताचा सहवास देऊ केला, तो हे कोडे सोडवू न शकल्यास त्याचे काय? संत मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायात न्यायाच्या दिवशी अर्थ विचारला जात नाही. भुकेल्याला अन्न दिले का, हे विचारले जाते. प्रमाण शुभवर्तमानांची थोरवी येथे दिसते.

थॉमसच्याच नावाची दुसरी प्राचीन कथा, ‘थॉमसची कृत्ये’, मला या संदर्भात अधिक बोलकी वाटते. तिसऱ्या शतकातील या सिरियाक ग्रंथात थॉमस भारतात येतो तो लाकूड आणि दगड यांचा कारागीर म्हणून. राजा गुंदफर त्याला महालासाठी धन देतो आणि तो ते गरिबांत वाटून टाकतो. हा इतिहास नव्हे, आख्यान आहे. तथापि त्यात प्रेषिताची ओळख हातांच्या कामाने आणि दानाने होते.

तेव्हा मूळ प्रश्नाचे उत्तर नकारार्थी आहे. गोंडांच्या पेनांना या वचनात बसविणे हा वचनावरही अन्याय आहे आणि त्या श्रद्धेवरही; तिला तिच्याच शब्दांत समजून घेतले पाहिजे. बांबूतोड करणारा, तेंदूपत्ता गोळा करणारी, खदानीत दगड फोडणारा, डोक्यावर मोळी घेऊन बाजार गाठणारी : यांच्यासाठी मात्र ग्रीक तुकड्यातला तो आशय खरा आहे. त्यासाठी हा ग्रंथ प्रमाण मानण्याची गरज नाही. मत्तयाने ते आधीच सांगून ठेवले आहे. आपल्याला उरते ते त्या माणसाच्या शेजारी जाऊन उभे राहणे.