मासिकाच्या पानांवरचा प्रवासी

प्रवासविषयक मासिक हाती आले की आपण प्रथम छायाचित्रे पाहतो, मग मथळे वाचतो आणि सवड झालीच तर मजकुराकडे वळतो. मांडणी करणाऱ्याला आपली ही रीत पुरती ठाऊक असते. म्हणूनच अशा मासिकाची मांडणी ही निव्वळ सजावट नव्हे. आपला वाचक कोण, त्याचे घर कसे, त्याच्या खिशात किती पैसे आहेत, याविषयीचे संपादकाचे मतच तिच्यातून व्यक्त होत असते. अमेरिकेतील 'हॉलिडे' या मासिकाची पाने या दृष्टीने उलगडून पाहण्यासारखी आहेत.

फिलाडेल्फियाच्या कर्टिस प्रकाशन संस्थेने हे मासिक मार्च १९४६ मध्ये सुरू केले. महायुद्ध संपले होते, पेट्रोलचे रेशनिंग उठले होते आणि भरपगारी रजा व स्वतःची मोटार असलेला मध्यमवर्ग झपाट्याने वाढत होता. रजेत मुलाबाळांना घेऊन जायचे कुठे, हा त्या कुटुंबांपुढचा नवाच प्रश्न होता. 'हॉलिडे'ने त्याचे उत्तर दिले ते मोठ्या रुबाबात. पाने इतकी मोठी की मासिक मांडीवर पसरूनच वाचावे. टेड पॅट्रिक संपादक असताना पॅरिस, न्यूयॉर्क अशा एकेका शहराला बहुतांश अंक वाहिलेला असे. १९५३ च्या सुमारास फ्रँक झॅकरी कलाविभागात आले आणि छायाचित्राला मजकुराच्या बरोबरीचे स्थान मिळाले. व्यक्तीचे चित्र घ्यायचे ते तिच्या परिसरासह, हा त्यांचा आग्रह. अर्नॉल्ड न्यूमन, स्लिम ॲरन्स यांच्यासारखे छायाचित्रकार त्यांनी त्यासाठी योजले. रोनाल्ड सर्ल यांची व्यंगचित्रे त्या भारदस्तपणाला हलकेच गुदगुल्या करीत. (सुट्टीच्या मासिकाला थोडे हसता आलेच पाहिजे, हे भान आजच्या गुळगुळीत पर्यटन-पुस्तिकांत क्वचितच आढळते.)

लेखनाची प्रतही उंच होती. न्यूयॉर्कवरचा ई. बी. व्हाइट यांचा गाजलेला निबंध १९४९ मध्ये प्रथम येथेच आला.

मात्र या देखण्या मांडणीचा एक संकेत असा की, पानावरचा रस्ता नेहमी मोकळा असतो. पुढच्या गावी खोली मिळेल, जेवण मिळेल, याविषयी शंकेला जागाच नसते. त्या काळच्या अमेरिकी मासिकांतील जाहिरातींत सुट्टीवर निघालेले कुटुंब जवळजवळ नेहमीच गोरे असे. त्याच रस्त्यावरून जाणाऱ्या कृष्णवर्णीय कुटुंबाला मात्र वेगळ्याच प्रकाशनाची गरज भासे. हार्लेममधील टपालवाटप करणारे व्हिक्टर ह्यूगो ग्रीन यांनी १९३६ मध्ये 'द निग्रो मोटरिस्ट ग्रीन बुक' ही पुस्तिका काढली. कोणत्या गावात कोणते हॉटेल, कोणते खाजगी घर, कोणते गॅरेज आपल्याला दारात उभे करील, याची ती यादी. तिला रुबाबदार मांडणी नव्हती, कारण तिच्या वाचकाला स्वप्न नको होते. रात्री मुलांना निजवायला छप्पर हवे होते. वंशभेदाला बंदी करणारा नागरी हक्क कायदा १९६४ मध्ये झाला आणि १९६६-६७ च्या आवृत्तीनंतर ही पुस्तिका थांबली.

ही दोन प्रकाशने शेजारी ठेवली म्हणजे 'कुटुंबांसाठी' या शब्दाचा अर्थ किती आखूड होता, ते दिसते. 'हॉलिडे'ने कोणाचा द्वेष केला, असे मला म्हणायचे नाही. त्याने सुंदर दिसेल तेवढेच पाहिले, आणि सुंदर पाहण्याची सवय जडली की उरलेले चौकटीबाहेर जाते. लेखकाची लेखणी कधी कधी ही चौकट ओलांडी. जॉन स्टाइनबेक यांनी आपल्या कुत्र्यासह केलेल्या अमेरिका-भ्रमणाचे लेखन आधी 'हॉलिडे'त आले, मग १९६२ मध्ये पुस्तकरूपाने. शाळेत निघालेल्या एका चिमुरड्या कृष्णवर्णीय मुलीला शिव्याशाप देणाऱ्या न्यू ऑर्लिअन्समधील गोऱ्या स्त्रियांचे वर्णन त्या पुस्तकात आहे. प्रवासवर्णनाची खरी ताकद मला तेथे दिसते. निसर्गरम्य स्थळांच्या शंभर पानांत ती सापडत नाही.

१९६४ मध्ये पॅट्रिक वारले, झॅकरीही बाहेर पडले आणि १९७७ मध्ये 'हॉलिडे' दुसऱ्या एका प्रवास-मासिकात विलीन झाले. त्याची मांडणी मात्र उरली: पानभर निळे आकाश, खाली वळत जाणारा रिकामा रस्ता आणि कोपऱ्यात बारीक टाइपात हॉटेलचे दर. हे पान कोणासाठी छापले आहे, याचा पत्ता बहुधा त्या बारीक टाइपातच लागतो.