महावृक्षांचा वाद

कॅलिफोर्नियांतील सिएरा नेवाडा पर्वताच्या पश्चिम उतारावर वाढणारा सेकोया हा आकारमानानें पृथ्वीवरील सर्वांत मोठा वृक्ष होय. त्यांतील ‘जनरल शर्मन’ या वृक्षाची उंची सुमारें २७५ फूट आहे. एवढा बलाढ्य वृक्ष तुटक रायांतूनच कां आढळावा, या प्रश्नावर एकोणिसाव्या शतकांत सृष्टिशास्त्रज्ञांचा वाद झाला. जॉन म्यूर यांच्या ‘दि माउंटन्स ऑफ कॅलिफोर्निया’ (१८९४) या ग्रंथांतील सेकोयाविषयींचें विवेचन त्या वादांतील एका पक्षाचें निवेदन म्हणून वाचलें पाहिजे.

हार्वर्डचे वनस्पतिशास्त्रज्ञ एसा ग्रे यांनीं १८७२ सालीं असें प्रतिपादिलें कीं, सेकोया हा एके काळीं दूरवर पसरलेल्या कुळाचा अवशेष असून हवा अधिक कोरडी झाल्यास त्याचा टिकाव लागणार नाहीं. म्यूर यांचा पक्ष निराळा. रायांमधील अंतरें म्हणजे प्राचीन हिमनद्यांच्या वाटा. ओलाव्यामुळें राई नव्हे, तर राईमुळें ओलावा. आणि हा वृक्ष मुळींच मागें हटत नाहीं. सेकोयाचें लाकूड दीर्घकाळ कुजत नाहीं. असें असतां रायांच्या सीमेबाहेर पडलेलें खोड किंवा तें पडून झालेला चर त्यांस कोठेंही आढळला नाहीं.

ही साक्ष डोंगर पायीं तुडवून मिळविलेली आहे, आणि ग्रंथाचें खरें बळ आम्हांस तेथेंच दिसतें. तथापि ती किती काळापुरती ग्राह्य धरावी, हा प्रश्न उरतो. पुढें कुरणांच्या गाळांतील परागकणांवरून असें दिसून आलें कीं, आजच्या रायांत सुमारें ४,५०० वर्षांपूर्वीपर्यंत सेकोया विरळ होता. हवा थंड व ओलसर झाल्यावर तो वाढला. तेव्हां वृक्ष हटत नव्हता, हें म्यूर यांचें अनुमान टिकतें. परंतु त्याचें भवितव्य हवेच्या हातीं आहे, हा ग्रे यांचा मुद्दाही टिकतो. हिमनद्यांची उपपत्ति मात्र लंगडी पडते.

हा वाद केवळ पंडिती नव्हता. निसर्गानेंच ज्याचा अंत ठरविला, त्यावर करवत चालविणाऱ्यास दोष कोण देणार? म्यूर यांच्या आग्रहाचें मर्म आम्हांस यांत दिसतें. १८९० सालीं सेकोया राष्ट्रीय उद्यान स्थापन झालें व तेथें करवत थांबली. परंतु आग मोकळी जमीन करून देते तेव्हांच सेकोयाचें बीं नीट रुजतें, हें म्यूर यांनीं नोंदविलें असतांही पुढें कित्येक दशकें प्रत्येक वणवा विझविण्यांत आला. रानांत सर्पण सांचलें. त्यांत दुष्काळाची भर पडली आणि २०२० व २०२१ या दोनच वर्षांतील वणव्यांत मोठ्या सेकोयांपैकीं अंदाजें शेंकडा १३ ते १९ नष्ट झाले.

आमच्या मतें म्यूर यांचें निरीक्षण आणि ग्रे यांची भीति हीं दोन्हीं शेजारीं ठेवूनच हा ग्रंथ आज वाचावा. ज्यांनीं एकच पक्ष ऐकला, त्यांच्या हातून त्या वृक्षांचें रक्षण अपुरें राहिलें.