रिकामी पारडी : व्हर्मीरच्या एका चित्रातील रचना, प्रकाश आणि अर्थ

सतराव्या शतकातील डच नित्यजीवनचित्रांच्या समीक्षेत दोन भूमिका प्रामुख्याने आढळतात. एडी द यॉन्ग यांनी ही चित्रे याकोब कात्स आदींच्या बोधचित्रसंग्रहांच्या आधारे वाचली. चित्रित वस्तूंमागे नीतिबोध दडलेला असतो, असे त्यांचे प्रतिपादन होते. उलट, स्वेतलाना आल्पर्स यांनी १९८३ सालच्या आपल्या ग्रंथात डच चित्रकला कथनापेक्षा वर्णनास प्राधान्य देते, असे मांडले. यान व्हर्मीरचे ‘तराजू धरलेली स्त्री’ (सुमारे १६६४, नॅशनल गॅलरी, वॉशिंग्टन) हे चित्र या दोन्ही भूमिकांची कसोटी पाहते.

१६९६ सालच्या ॲम्स्टरडॅममधील लिलावात या चित्राचे वर्णन सोने तोलणारी स्त्री असे केले गेले होते. पुढे तिच्या पारड्यांत मोती असल्याचेही मानले गेले. मात्र सूक्ष्मदर्शकाखालील तपासणीत पारड्यांतील ठिपके सोन्याचे वा मोत्यांचे नसून केवळ परावर्तित प्रकाशाचे असल्याचे दिसून आले. मेजावर मोत्यांच्या माळा व नाणी आहेत. पारडी मात्र रिकामी आहेत. त्यामुळे लोभाचा निषेध हा सरळ बोध डळमळीत होतो.

मग अर्थ कोठून येतो? स्त्रीच्या मागे भिंतीवर ‘अंतिम न्याया’चे चित्र आहे. त्यात पुण्यपापाचे वजन करणारा देवदूत मायकेल जेथे अपेक्षित असतो, ती जागा तिच्या आकृतीने व्यापली आहे. यथादर्शनाच्या रेषा तिच्या बोटांपाशी एकवटतात. मागील चित्राच्या चौकटीची खालची कड तिच्या पाठीमागे खाली, तर पुढ्यात किंचित वर आहे. वास्तवात अशक्य असलेल्या या बदलामुळे तराजूला मोकळा अवकाश लाभतो. डावीकडच्या खिडकीतून झिरपणारा प्रकाश अलंकारांवर चमकून जातो. चेहऱ्यावर व बोटांवर मात्र तो स्थिरावतो.

याच सुमारास पीटर द होखने रंगविलेली, नाणी तोलणारी स्त्री (बर्लिन) याच्याशी ताडून पाहता भेद स्पष्ट होतो. तेथे सोनेरी चामड्याने मढविलेली भिंत आहे, ‘अंतिम न्याय’ नाही. तोलणे हा तेथे व्यवहार आहे. विषय तोच असूनही आशय बदलतो. म्हणजेच प्रतीकांचा कोश हाताशी असणे पुरेसे नाही. तसेच निव्वळ वर्णन म्हणूनही व्हर्मीरचे चित्र उलगडत नाही, कारण वर्णनाची अचूकता चौकटीच्या कडेपाशी त्याने हेतुतः मोडली आहे.

तौलनिक साहित्याभ्यासात चित्राला ‘संहिता’ मानून वाचण्याची पद्धत रूढ आहे. परंतु संहितेतील अर्थ क्रमाने उलगडतो, तर येथे न्यायनिवाडा आणि घरातील निवांत क्षण एकाच वेळी समोर येतात. त्यांपैकी एकाला दुसऱ्याचे रूपक ठरविण्यापूर्वी त्यांच्यातील अंतर, उंची आणि उजेड यांचा हिशेब मांडावा लागतो. हा हिशेब टाळणारे अर्थनिर्णयन चित्राविषयी नव्हे, केवळ त्याच्या शीर्षकाविषयी बोलत राहते.