अमेरिकन भयचित्रकथांचीं मूळ पानें

जुन्या दप्तरांचा आणि पोथ्यांचा अभ्यास करणाऱ्यांपुढें अमेरिकेंतील दहा सेंट किंमतीच्या भुताखेतांच्या कॉमिक्सचा विषय मांडणें कित्येकांस अप्रस्तुत वाटेल. परंतु मूळ प्रत कोणती, हात कोणाचा, अनुक्रमांक विश्वसनीय कीं नाहीं, साक्षीदाराचें म्हणणें जसेंच्या तसें उतरलें आहे काय, हे संग्राहकांच्या नित्य परिचयाचे प्रश्न या क्षुद्र मानलेल्या वाङ्मयांतहि उपस्थित होतात; आणि त्यांचीं उत्तरें देण्याचीं साधनें सुदैवानें शिल्लक आहेत. सत्तर वर्षांनंतरहि हे अंक लोक हौसेनें जमवितात व वाचतात, याचें श्रेय कथांतील भयाला दिलें जातें. तें भय केव्हांच ओसरलें. माझ्या मतें तें श्रेय या साधनांकडे जातें.

न्यूयॉर्क येथील ई. सी. ही प्रकाशनसंस्था मॅक्स गेन्स यांच्या १९४७ मधील अपघाती मृत्यूनंतर त्यांचे चिरंजीव विल्यम गेन्स यांजकडे आली. त्यांनीं व त्यांचे संपादक आल्बर्ट फेल्डस्टाइन यांनीं १९५० मध्यें तीन भयपत्रिका सुरू केल्या: 'द क्रिप्ट ऑफ टेरर' (हिचेंच नांव पुढें 'टेल्स फ्रॉम द क्रिप्ट' झालें), 'द व्हॉल्ट ऑफ हॉरर' आणि 'द हाँट ऑफ फिअर'. मौज अशी कीं, पहिलीचा पहिला अंक १७ वा, दुसरीचा १२ वा व तिसरीचा १५ वा आहे. नव्या नियतकालिकास टपालाच्या सवलतीसाठीं नवी नोंदणी करावी लागे. ती टाळावी म्हणून आधींच्या गुन्हेकथांच्या व बंदूकबाजांच्या पत्रिकांचेच अनुक्रमांक पुढें चालविले. 'हाँट'च्या बाबतींत टपालखात्यानें हरकत घेतली, तेव्हां १५, १६, १७ यांच्यामागून एकदम ४ था अंक निघाला. परिणामीं त्या पत्रिकेचे १५, १६ व १७ या क्रमांकांचे अंक दोन दोन आहेत. शक व संवत्सर यांचा मेळ बसला नाहीं कीं लगेच पत्र बनावट ठरविणाऱ्यांनीं हें उदाहरण ध्यानांत ठेवावें. तिन्ही पत्रिकांचे मिळून एकंदर अंक ८७. शेवटचा १९५५ च्या आरंभींचा.

या कथा तयार करण्याची रीत पाहण्यासारखी होती. कथानकाचे धागे गेन्स आपल्या वाचनांतून शोधून आणीत. त्यांतील कांहीं सरळ उचललेले असत. रे ब्रॅडबरी यांनीं १९५२ मध्यें आपल्या कथांचें मानधन सौजन्यानें मागितलें, आणि तेथून पुढें त्यांच्या कथा रीतसर परवानगीनें घेतल्या गेल्या. फेल्डस्टाइन मजकूर थेट चित्रफलकावर लिहीत. मग तो लेरॉय नांवाच्या साच्यानें यांत्रिक वळणाच्या अक्षरांत शाईनें उठविला जाई, आणि चौकटी आंखलेला, अक्षरें भरलेला फलक शेवटीं चित्रकाराच्या हातीं पडे. कल्पसूत्राच्या सचित्र पोथ्या ज्यांनीं हाताळल्या आहेत त्यांस ही रीत ओळखीची वाटेल. तेथेंहि लेखक आधीं मजकूर लिहून जागा मोकळी सोडी व चित्रकार मागाहून येई. येथें मात्र मजकूर वाजवीपेक्षां फार आहे. चित्रांत धडधडीत दिसणारी गोष्ट वर पुन्हां अक्षरांत सांगितलेली असते. हा दोष भक्तमंडळी सहसा कबूल करीत नाहींत.

तथापि अक्षर निर्जीव व एकसारखें असल्यामुळेंच चित्रकाराचा हात अधिक उठून दिसतो. ग्रॅहॅम इंगल्स हे 'घास्टली' अशी सही करीत. त्यांची रेघ ओली, वितळल्यासारखी, तोंडांतून लोंबणाऱ्या लाळेंत व दलदलींत रमणारी. जॅक डेव्हिस यांची रेघ ओरखड्यांनीं भरलेली, चपळ, भीषण प्रसंगींहि विनोदाकडे झुकणारी. जॉनी क्रेग आपल्या कथा बहुधा स्वतःच लिहीत, आणि त्यांचें चित्र थंड व स्वच्छ असतें. सही झांकून ठेवली तरी हे तीन हात कोणासहि वेगळे करतां येतील.

कथांविषयीं इतकें चांगलें बोलतां येत नाहीं. इंगल्स यांनीं चितारलेली 'पोएटिक जस्टिस' ही १९५२ ची कथा घ्या. एका गरीब, निरुपद्रवी म्हाताऱ्यास त्याचे श्रीमंत शेजारी व्हॅलेंटाइनच्या सणाला खोटीं, विषारी शुभेच्छापत्रें पाठवून आत्महत्येस भाग पाडतात. वर्षानें तो थडग्यांतून उठून येतो आणि अपराध्याचें हृदय काढून घेतो. कर्मविपाकाचा हिशेब असा पै-पैचा चोख असल्यामुळें शेवट आधींच कळतो. त्यांत तिन्ही निवेदक, म्हणजे क्रिप्ट-कीपर, व्हॉल्ट-कीपर व म्हातारी चेटकीण, शेवटीं कोटी करून हंसतात. आमच्या वेताळपंचविशींतील वेताळ कथा संपवून राजास पेंचांत टाकतो. हे निवेदक वाचकास विचारासाठीं कांहींच शिल्लक ठेवीत नाहींत. इंग्लंडांत निघालेल्या १९७२ च्या चित्रपटांत पीटर कुशिंग यांनीं हाच म्हातारा केला, व तेथें तो अधिक झोंबतो, कारण हंसणारें कोणी नाहीं. असें असूनहि इंगल्स यांनीं काढलेला म्हाताऱ्याचा चेहरा मनांतून जात नाहीं, आणि तो पाहण्यासाठीं ही कथा पुन्हां उघडावीशी वाटते.

या पत्रिका बंद कशा पडल्या तो इतिहास सर्वश्रुत आहे. मानसोपचारतज्ज्ञ फ्रेडरिक वर्थम यांचें 'सिडक्शन ऑफ द इनोसंट' हें पुस्तक १९५४ मध्यें प्रसिद्ध झालें. त्याच वर्षीं २१ एप्रिलला गेन्स यांस सेनेटच्या उपसमितीपुढें उत्तरें द्यावीं लागलीं. आणि ऑक्टोबरांत प्रकाशकांनीं स्वतःच केलेल्या नियमावलीनें 'हॉरर' व 'टेरर' हे शब्दहि नांवांतून हद्दपार केले. वर्थम दुष्ट नव्हते. हार्लेममधील गरीब कृष्णवर्णीयांसाठीं त्यांनीं दवाखाना चालविला, आणि वर्णभेदी शाळांविरुद्धच्या खटल्यांत त्यांची साक्ष उपयोगी पडली. परंतु त्यांचीं खासगी टिपणें लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्यें २०१० मध्यें संशोधकांस खुलीं झालीं, आणि कॅरल टिली या विदुषींनीं तीं छापील पुस्तकाशीं ताडून २०१२ मध्यें दाखवून दिलें कीं, मुलांच्या जबान्या कोठें बदललेल्या, कोठें एकांत एक मिसळलेल्या आहेत. छापील ग्रंथावर विसंबून अठ्ठावन्न वर्षें जें प्रमाण मानलें गेलें, तें मूळ कागद उघडतांच डळमळलें.

गेन्स यांनीं मात्र आपले कागद मोडीत घातले नाहींत. चित्रकारांचीं मूळ पानें, आणि प्रत्येक अंकाच्या सुमारें डझनभर कोऱ्या प्रती, त्यांनीं जपून ठेवल्या. मूळ पानें छापील पानाहून मोठीं व केवळ काळ्या शाईचीं आहेत. रस् कॉक्रन यांनीं तीं पुढें लिलावानें विकलीं, परंतु त्यांवरून संपूर्ण मालिकेचें पुनर्मुद्रणहि काढलें. छापील अंकांतील रंग बहुतांशीं मरी सेव्हरिन यांच्या योजनेचे. कांहीं भयंकर चौकटी एकाच गडद रंगांत बुडविलेल्या दिसतात, हाहि एक अर्थच होता. २००६ नंतरच्या रंगीत आवृत्तींत संगणकावर घातलेल्या छटांनीं तो अर्थ आणि इंगल्स यांची रेघ दोन्ही पुसट झालीं. पोथीचीं चित्रें नव्यानें रंगवून छापणाऱ्या संपादकास आपण जें म्हणूं तेंच येथें म्हणावें लागतें.

याहून वाईट चाल २००० सालापासून रूढ झाली आहे. अंकाची प्रतवारी ठरवून तो पारदर्शक प्लॅस्टिकच्या पेटींत कायमचा बंद करितात, व पेटी फोडली कीं प्रतवारी रद्द होते. अशी प्रत लाखांनीं विकली जाते. पण तिचें मुखपृष्ठ व मलपृष्ठ यांपलीकडे कोणी कांहीं पाहूं शकत नाहीं. रुमालांत बांधलेली पोथी निदान सोडतां तरी येते. उपसमितीच्या चौकशीनंतर हे अंक दुकानांतून गेले, तरी ज्या मुलाच्या गादीखालीं एखादा राहिला तो वाचला जात होता.

म्हणून ज्यांस या चित्रकारांचा हात पाहावयाचा आहे त्यांनीं कॉक्रन यांची काळीपांढरी आवृत्ति पाहावी, आणि रंगांसाठीं एखादा फाटका, पिवळा पडलेला, कमी किंमतीचा मूळ अंक घ्यावा. 'हाँट'चा १७ वा अंक मागवितांना १९५० चा कीं १९५३ चा, हें विक्रेत्यास स्पष्ट लिहावें.