संगीत नाटकाचे चित्रपटीय रूपांतर आणि गायक-नटाचा प्रश्न : ‘कट्यार काळजात घुसली’च्या संदर्भात

प्रस्तावना

१८८० साली पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘संगीत शाकुंतल’ रंगभूमीवर आले, तेव्हापासून ‘गायक-नट’ ही मराठी संगीत नाटकाच्या केंद्रस्थानी असलेली संकल्पना आहे. जो बोलतो तोच गातो, हा या नाट्यप्रकाराचा अलिखित नियम होय. संगीत नाटक पडद्यावर येते, तेव्हा या नियमाचे काय होते, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

या प्रश्नास एक स्थानिक कारणही आहे. बारामती येथे पदवीच्या वर्गात पुरुषोत्तम दारव्हेकरांच्या ‘कट्यार काळजात घुसली’ या नाटकाची चर्चा करताना विद्यार्थी जी उदाहरणे देतात, ती सर्व चित्रपटातील असतात. बारामती-इंदापूर परिसरातील या पिढीला खाँसाहेब म्हटले की सचिन पिळगावकर आठवतात. नाटकाचा प्रयोग पाहिलेला विद्यार्थी क्वचितच भेटतो. म्हणजेच त्यांच्या दृष्टीने चित्रपट हाच मूळ ग्रंथ झाला आहे. अशा वेळी त्यांच्यापर्यंत काय पोहोचले आणि काय पोहोचले नाही, हे तपासणे अध्यापकाचे कर्तव्य ठरते.

रंगभूमीवरील खाँसाहेब

हे नाटक १९६७ साली नाट्यसंपदेने रंगभूमीवर आणले. पंडित जितेंद्र अभिषेकी यांनी त्यास संगीत दिले आणि खाँसाहेब आफताब हुसेन यांची भूमिका डॉ. वसंतराव देशपांडे यांनी केली. दोन गायकींचा संघर्ष हा नाटकाचा गाभा असल्याने येथे गाणे कथानकाला जोडलेले नसून गाणे हेच कथानक आहे. याचे उत्तम उदाहरण म्हणजे ‘घेई छंद’ हे पद. एकच शब्दरचना धानी आणि सालगवराळी अशा दोन रागांत येते. शब्द तेच राहतात, बदलतो तो गाणाऱ्याचा स्वभाव. पंडितजींच्या परंपरेतील शांत, निवेदनशील रूप आणि खाँसाहेबांचे आक्रमक, चपळ रूप यांतील अंतर संवादांनी सांगावे लागत नाही. वसंतरावांची तान ऐकताना श्रोत्यास गाण्याबरोबर त्या पात्राची ईर्षा ऐकू येते, कारण तान घेणारा आणि ईर्षेने जळणारा देह एकच आहे.

पडद्यावरील विभागणी

सुबोध भावे दिग्दर्शित चित्रपट नोव्हेंबर २०१५ मध्ये प्रदर्शित झाला. अभिषेकींची निवडक पदे कायम ठेवून शंकर-एहसान-लॉय यांनी नव्या रचनांची भर घातली. पटकथेने पूर्वकथा विस्ताराने दाखविली आणि पंडितजींचा आवाज शेंदरामुळे जातो, हा प्रसंग ठळक केला. त्यामुळे खाँसाहेबांच्या विजयावर अपराधाची छाया पडते आणि कलेचा झगडा काही प्रमाणात कटाचा झगडा होतो. माध्यमाच्या गरजेचा विचार करता हे क्षम्य मानता येईल.

अधिक मूलगामी बदल आवाजाचा आहे. खाँसाहेबांचा चेहरा सचिन पिळगावकरांचा, तर गळा वसंतरावांचे नातू राहुल देशपांडे यांचा आहे. सदाशिवाचा चेहरा सुबोध भावे यांचा, तर गळा महेश काळे यांचा आहे. पंडितजींच्या भूमिकेत मात्र शंकर महादेवन स्वतः गातात आणि स्वतः दिसतात. रंगभूमीवर ज्या खाँसाहेबांच्या भूमिकेने गायक-नटाचा आदर्श उभा केला, तीच भूमिका येथे दुभंगली. आणि गायक-नटाचे तत्त्व चित्रपटाने नकळत पंडितजींकडे सोपविले.

अभिनयाचे मूल्यमापन

या विभागणीचा परिणाम दोन्ही बाजूंनी पाहिला पाहिजे. सचिन यांची प्रतिमा दीर्घकाळ हलक्याफुलक्या भूमिकांशी जोडलेली होती. येथे त्यांनी ती पूर्णपणे पुसली आहे. विशेषतः खाँसाहेब गात नसून दुसऱ्याचे गाणे ऐकत असतात, तेव्हा त्यांच्या डोळ्यांत दाद आणि मत्सर एकाच वेळी उमटतात. समीपदृश्यामुळे शक्य झालेला हा सूक्ष्म अभिनय नाट्यगृहात मागच्या रांगेतील प्रेक्षकास दिसलाही नसता. मात्र खाँसाहेब गाऊ लागले की ओठ जुळतात, पण श्वास जुळत नाही. तानेचा कस गळ्यावर आणि छातीवर दिसावा लागतो, तो येथे पुरेसा दिसत नाही.

याउलट, शंकर महादेवन यांना अभिनयाचा पूर्वानुभव नव्हता. तरीही पंडितजींचा आवाज जातो तो प्रसंग मनाला भिडतो. त्या देहातून निघणारा आवाज प्रेक्षकाने आधी ऐकलेला असतो, त्यामुळे तो गेल्याची हानी खरी वाटते. अनुभवी नटाच्या कौशल्यालाही जे साधले नाही, ते येथे देह आणि आवाजाच्या एकात्मतेने साधले.

ही एकात्मता या परिसरातील श्रोत्याला नवीन नाही. बारामती ही मोरोपंतांची कर्मभूमी आहे. संत तुकाराम महाराजांची पालखी बारामतीहून इंदापूर तालुक्यात येते आणि बेलवाडीस तिचे गोल रिंगण होते. येथील श्रोता ज्या कीर्तनावर पोसला आहे, त्यात गाणारा आणि सांगणारा वेगळा नसतो. प्रभातच्या ‘संत तुकाराम’मध्ये (१९३६) रंगभूमीवरून आलेल्या विष्णुपंत पागनीसांनी अभंग स्वतः गायिले, त्या भूमिकेच्या विश्वसनीयतेचे मोठे श्रेय यास द्यावे लागते.

पुरस्कारांची नोंदही येथे बोलकी आहे. ‘बालगंधर्व’साठी आनंद भाटे, ‘कट्यार’साठी महेश काळे आणि ‘मी वसंतराव’साठी राहुल देशपांडे या तिघांना पार्श्वगायनाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पहिल्या दोन्ही चित्रपटांत तो आवाज सुबोध भावे यांच्या चेहऱ्याला दिलेला होता. २०२२ साली प्रदर्शित झालेल्या ‘मी वसंतराव’मध्ये मात्र गायक स्वतःच नायक आहे. त्याच्या गाण्यास ‘पार्श्वगायन’ म्हणणे हीच मुळात विसंगती आहे.

समारोप

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात.

१. ‘कट्यार’च्या चित्रपटाने संगीत नाटकाची पदे तालुक्याच्या गावातील तरुणांपर्यंत नेली. हे कार्य रंगभूमीला अलीकडच्या काळात जमले नव्हते.

२. त्याने पदे पोहोचविली, परंतु गायक-नट ही संकल्पना अर्धीच पोहोचविली.

३. संगीत नाटकाच्या रूपांतरात पात्रनिवड करताना गळा हा अभिनयाचाच भाग मानला गेला पाहिजे.

खाडिलकरांच्या ‘मानापमान’वर आधारित चित्रपटही २०२५ मध्ये येऊन गेला, म्हणजे रूपांतराची ही वाट पुढे चालू आहे. अशा वेळी चित्रपट दाखवून वर्ग संपविणे पुरेसे नाही. त्याच तासाला वसंतरावांचे मूळ ध्वनिमुद्रण डोळे मिटून ऐकविले, तर खाँसाहेब कोणत्या देहातून जन्मले हे विद्यार्थ्यांना स्वतःच उमगेल.